घरमालकाला सगळं कसं कळतं? घरात लपवलेला कॅमेरा किंवा माइक शोधायचा कसा?

रिमझिम_ (मंगळवार, रात्री ११:५२)

नमस्कार मंडळी, एरवी मी फक्त पाककृती वाचायला येते पण आज जरा गंभीर विषय आहे, हसू नका प्लीज. पिंपळे सौदागरला आम्ही दोघी मैत्रिणी एका टू बीएचकेमध्ये राहतो, सेमी फर्निश्ड आहे म्हणजे टीव्ही युनिट, कपाटं, गीझर, बेडरूममध्ये एसी, भिंतीवरचं घड्याळ आणि वायफायचा राउटरसुद्धा मालकांचाच. मालक स्वतः नाशिकला असतात, पुण्यात क्वचित येतात.

तर गेल्या दोन महिन्यात तीन गोष्टी झाल्या. एक, भाऊ आणि त्याचे तीन मित्र रविवारी जेवायला आले होते, दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन, "काल चार मुलं होती म्हणे, साडेअकराला गेली". दोन, एकदा म्हणाले "एसी रात्रभर चालवू नका, कॉम्प्रेसर जातो", आता एसी रात्रभर चालतो हे नाशिकला बसून कसं कळलं? आणि तिसरी गोष्ट ऐकून माझी झोपच उडाली. मी आणि रूममेट सकाळी ऑफिसला निघताना दारात चपला घालता घालता बोलत होतो की अकरा महिने झाले की हा फ्लॅट सोडू, भाडं फार आहे. हे आम्ही कोणालाही सांगितलेलं नाही. दोनच दिवसांनी मेसेज, "सोडायचा विचार असेल तर आधी कळवा".

आता मला खात्री वाटतेय की घरात कुठेतरी कॅमेरा नाहीतर माइक आहे. चार दिवस मी लाइट बंद करून आंघोळ करतेय, कपडे बदलायला मैत्रिणीकडे जातेय, घड्याळावर टॉवेल टाकून ठेवलाय. कसं शोधायचं सांगा ना कोणीतरी.

ढब्बू_मिरची (बुधवार, सकाळी ७:१५)

बापरे! अगं आधी तो फ्लॅट सोड. ते शक्य नसेल तर ऑनलाइन डिटेक्टर मिळतात बघ, नऊशे-हजाराला, अँटेना असते आणि कॅमेऱ्याजवळ नेलं की बीप वाजतं. मी पण घेणार होते. आणि आरशावर नखाचं टोक टेकवून बघ, नख आणि प्रतिबिंब यांच्यात फट दिसली तर चांगला आरसा, फट नसेल तर पलीकडून बघता येतो असा आरसा. हे मला फॅमिली ग्रुपवर आलं होतं.

गप्पिष्ट (बुधवार, सकाळी ९:०३)

आमच्या घरात कॅमेरा नाही तरी समोरच्या काकूंना आमच्याकडे कोणती भाजी झाली ते कळतं. कुकरच्या शिट्ट्या मोजतात बहुतेक. (गंमत आहे, दिवे घ्या)

नाना_वायरमन (बुधवार, दुपारी १:२०)

पोरी, घाबरू नको. तीस वर्षं वायरिंगची कामं करतोय, मूळचा सातारकडचा, आता चिंचवडात. तुला यंत्रबिंत्र काही लागत नाही, डोकं शांत ठेव आणि तीन प्रश्न विचार.

पहिला प्रश्न, याला लाइट कुठून मिळतोय? एवढ्याशा वस्तूत बसणारी बॅटरी सतत चालू ठेवली तर काही तास चालते, फार तर एखादा दिवस, मग ती चार्ज करायला कोणाला तरी घरात यावं लागणार. तुझा मालक नाशिकला, म्हणजे वस्तू बसवलीच असेल तर ती कायमच्या लाइटवर असणार. म्हणून पुस्तकं, फुलदाण्या, टेडी बेअर हे सगळं नंतर बघ, आधी प्लगात खोचलेलं काय आहे ते बघ. एक्स्टेंशन बोर्ड, मोबाइलचा जादाचा अडॅप्टर, सेट टॉप बॉक्स, वायर असलेलं घड्याळ, ट्यूबलाइटची पट्टी, एक्झॉस्ट फॅन, बल्बचा होल्डर, फॉल्स सीलिंगमधले दिवे. ज्या अडॅप्टरला काहीच लावलेलं नाही त्याला हात लाव, रिकामा अडॅप्टर थंड पाहिजे, नुसता खोचलेला असून बऱ्यापैकी कोमट लागला तर आत काहीतरी चालू आहे.

दुसरा, त्याला काय बघायचंय? कपाटामागच्या बोर्डात कॅमेरा बसवून कोणी काय बघणार. पलंगावर झोप, बाथरूममध्ये उभी राहा आणि तिथून चौफेर नजर फिरव, तुला ज्या भोकातून काही दिसू शकेल तेच भोक तुला बघू शकतं.

तिसरा, बघितलेलं बाहेर कसं जातंय? वायफायवरून, सिमकार्डवरून, नाहीतर आतल्या मेमरी कार्डावर साठतंय आणि कोणीतरी येऊन काढून नेतंय.

आता बोर्ड कसे बघायचे. कंपनीने बसवलेली मॉड्युलर प्लेट असेल तर तिच्या कडेला भिंतीच्या रंगाची बारीक रेघ असते, रंगाऱ्याने प्लेट न काढता ब्रश फिरवलेला असतो ना, ती. ती रेघ कुठे मोडलेली दिसली, एखाद्याच स्क्रूच्या खाचेतला रंग उडून पितळ चमकत असलं, खाली फरशीवर किंवा टेबलावर पांढरी भुकटी पडलेली असली, तर ती प्लेट अलीकडे उघडलीय. बाकी सगळ्या प्लेटा पिवळट आणि एकच पांढरीशुभ्र, तरी शंका घे. पण उघडायची असेल तर मेन एमसीबी म्हणजे मेन खटका पाडून, टेस्टर लावून, नाहीतर सरळ वायरमनला बोलव. स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन बोर्डात जाऊ नको.

आणि अजून एक, आपल्याकडे भाड्याच्या फ्लॅटात बेडरूमच्या छताला धुराचा सेन्सर कोण लावतं? ऑफिसात, हॉटेलात ठीक आहे. घरात एकटाच गोल डबा छताला दिसला तर तो पहिला काढून बघायचा.

शून्य_एक (बुधवार, संध्या. ७:४४)

नानांना +१००. मी नेटवर्किंगमध्ये काम करतो, थोडी भर आणि थोडी दुरुस्ती.

नखाची टेस्ट विसरा. त्यातून एवढंच कळतं की चकाकी काचेच्या पुढच्या बाजूला आहे की मागच्या. साधे आरसेही पुढून कोटिंग केलेले असू शकतात. खरी तपासणी म्हणजे खोलीत पूर्ण अंधार करायचा, टॉर्च काचेला टेकवून धरायचा आणि कडेने हाताचा आडोसा करून आत बघायचं, मागे पोकळी असेल तर दिसते. आणि त्याआधी आरसा भिंतीवरून उचलून बघा, बहुतेक वेळा तो एका खिळ्यावरच असतो.

लेन्स शोधायची पद्धत पण सोपी आहे. रात्री दिवे बंद, मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी, गालाला टेकवून धरायचा आणि खोली हळूहळू न्याहाळायची. लेन्स कितीही बारीक असली तरी आलेला प्रकाश आल्या दिशेला परत टाकते, त्यामुळे बारीक ठिपका चमकतो आणि तुम्ही थोडं सरकलात की विझतो. टॉर्च लांब धरला तर नाही दिसणार, डोळा आणि प्रकाश एका रेषेत हवेत. एका खोलीला पंधरा-वीस मिनिटं द्या, घाई केली की काहीच सापडत नाही. स्क्रूची डोकी, टिकल्या, स्टीलचे हुक हे पण चमकतात पण ते कुठूनही चमकतात.

अंधारात बघणारे कॅमेरे इन्फ्रारेड एलईडी वापरतात, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या प्रकाशाचे बारीक दिवे. ८५० नॅनोमीटरचे असतील तर अंधारात नुसत्या डोळ्यांना पण मंद लालसर दिसतात, ९४० वाले अजिबात दिसत नाहीत पण मोबाइलच्या कॅमेऱ्यात जांभळट पांढरे दिसू शकतात. आधी टीव्हीचा रिमोट मोबाइलसमोर धरून बटण दाबून बघा, तुमच्या फोनचा मागचा कॅमेरा इन्फ्रारेड गाळून टाकत असेल तर पुढच्या कॅमेऱ्याने करा. रिमोटचा दिवा ज्या कॅमेऱ्यात दिसतो तोच वापरायचा. पण लक्षात ठेवा, दिवसा किंवा लाइट चालू असताना हे एलईडी बंद असतात आणि काही कॅमेऱ्यांत नसतातच, त्यामुळे काही दिसलं नाही म्हणजे काही नाही असं होत नाही.

त्या हजार रुपयांच्या डिटेक्टरबद्दल, फ्लॅटमध्ये वरचे खालचे शेजारचे सगळ्यांचे राउटर, मोबाइल, ब्लूटूथ, तो सगळीकडेच ओरडणार. आणि जो कॅमेरा मेमरी कार्डावर रेकॉर्ड करतोय, काही प्रसारितच करत नाही, त्याच्या शेजारी नेला तरी गप्प बसणार. चालू कॅमेऱ्याला शांत आणि शेजारच्या राउटरला गुन्हेगार ठरवणारं यंत्र आहे ते.

रिमझिम, राउटरचं पेज उघडता येतं का? ब्राउझरमध्ये सहसा १९२.१६८.१.१ टाकलं की येतं, पासवर्ड राउटरच्या खाली चिकटवलेला असतो. त्यात जोडलेल्या डिव्हाइसची यादी बघ आणि इथे टाक. (पासवर्ड टाकू नकोस!!)

जुनी_सायकल (बुधवार, रात्री ९:३०)

नानांच्या पॉवरच्या नियमाला एक अपवाद सांगतो, अवांतर आहे पण राहवत नाही. १९४५ साली मॉस्कोत सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकन राजदूत हॅरिमन यांना लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राजचिन्ह भेट दिलं. ते राजदूतांच्या अभ्यासिकेत लागलं आणि १९५२ पर्यंत तिथेच होतं. आत माइक होता, पण बॅटरी नाही, वायर नाही, काही नाही. फक्त पातळ पडदा, एक पोकळी आणि एक अँटेना. बाहेरून रेडिओ लहरींचा झोत टाकला की ते जागं व्हायचं, आवाजाने पडदा हलला की परतणारी लहर बदलायची. झोत बंद केला की नुसतं लाकूड. बनवणारा लेव्ह थेरेमिन, हात न लावता हवेत वाजवायचं वाद्य ज्याच्या नावाने आहे तोच.

नाना_वायरमन (बुधवार, रात्री ९:४१)

सायकलराव, पोरीच्या घरमालकाने रशियाची मदत घेतली असेल तर मग माझा नाइलाज आहे.

रिमझिम_ (गुरुवार, रात्री १२:३५)

सगळ्यांचे खूप आभार, आज रात्री दोघींनी मिळून दोन तास घालवले. घड्याळ काढलं, मागे सेल आणि पाल. टीव्ही युनिटच्या मागे हात घातला तर मागच्या भाडेकरूची बिलं आणि एक कंगवा. सगळ्या प्लेटांवर रंगाची रेघ आहे, नाना, अगदी तुम्ही म्हणालात तशी. टॉर्चमध्ये बाथरूमच्या टाइल्सवर एक ठिपका चमकला आणि मी किंचाळले, तो शाम्पूच्या बाटलीचा टिकलीसारखा स्टिकर निघाला. ढब्बू, तो डिटेक्टर मी आधीच ऑर्डर केलेला, आज आला, तो फ्रिजपाशी पण ओरडतो, देवघरापाशी पण ओरडतो.

पण राउटरच्या यादीत ७ डिव्हाइस दिसतायत. आमचे दोन फोन, दोन लॅपटॉप, टीव्ही म्हणजे ५. एकाला नावच नाही आणि सातव्याच्या पुढे कंपनी "एस्प्रेसिफ" लिहिलंय. हे काय आहे??? कॅमेरा आहे ना हा?

शून्य_एक (गुरुवार, सकाळी ८:१०)

थांब थांब. एस्प्रेसिफ ही चिप बनवणारी चिनी कंपनी आहे, तिची वायफाय चिप स्मार्ट प्लग, बल्ब, गीझरचे टायमर, एसी अशा हजारो वस्तूंत असते. स्वस्त कॅमेऱ्यातही असू शकते पण नावावरून काही ठरत नाही. बिननावाचं जे आहे ते बहुधा तुमच्यापैकीच एकीचा फोन, आजकालचे फोन प्रत्येक नेटवर्कला खोटा बदलता पत्ता देतात, त्यामुळे एकच फोन यादीत दोनदा दिसतो. फोनचं वायफाय बंद करून यादी रिफ्रेश कर.

सातव्यासाठी एमसीबीच्या पेटीपाशी जा आणि एकेक खटका पाडत जा, राउटरचा सोडून. जो खटका पाडल्यावर यादीतून ते डिव्हाइस गायब होतं, त्या लाइनवर ते आहे. मग त्या लाइनवरच्या वस्तू एकेक काढ. यादीतून नाव जायला काही वेळा पाचेक मिनिटं लागतात, धीर धर.

आणि हे पण सांगून ठेवतो, राउटर मालकाचा आहे म्हणजे कोणती डिव्हाइस कधी जोडली ते त्याला बाहेरून दिसू शकतं, रिमोट मॅनेजमेंट चालू असेल तर. स्वतःचं कनेक्शन घ्या. आणि कॅमेरा स्वतःचंच हॉटस्पॉट चालवत असेल किंवा सिमवर असेल तर राउटरच्या यादीत येणारच नाही, म्हणून नानांची हाताने बघायची पद्धत सोडायची नाही.

नाना_वायरमन (गुरुवार, सकाळी ८:५५)

सिमवरून आठवलं, एक्स्टेंशन बोर्डात बसवलेले सिमवाले माइक येतात, बाहेरून त्या नंबरला फोन लावला की तो आपोआप उचलतो आणि खोलीतलं बोलणं ऐकू जातं. २जी सिम असेल तर जुन्या रेडिओच्या किंवा स्पीकरच्या जवळ तो टर्र-टट-टट-टर्र असा आवाज करतो, पूर्वी मोबाइल टीव्हीशेजारी ठेवला की फोन यायच्या आधी यायचा ना, तोच. जिओवर २जी नाहीच, ४जी वाल्याचा आवाज येत नाही. एक्स्टेंशन बोर्ड जुना असेल तर सरळ काढून कपाटात टाक, नवीन तीनशे रुपयांत येतो.

निशिगंधा (गुरुवार, दुपारी ३:१८)

हा धागा वाचून लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. मला खरंच सापडला होता. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या राज्यात नोकरीला होते, पीजीमध्ये. खोलीत टेबलावर एक डिजिटल घड्याळ होतं, यूएसबी वायर लावलेलं. ते घड्याळ वीस मिनिटं मागे होतं. तीन महिने मागेच होतं, आम्ही दोघी हसायचो की या पीजीत सगळंच उशिरा. एका रविवारी कंटाळा आला म्हणून वेळ लावायला उचललं, तर मागे वेळ लावायची बटणं नव्हती. एक छोटी खाच होती आणि तिच्यात मेमरी कार्ड.

त्याच वेळी मी जी चूक केली ती कोणी करू नका. मी कार्ड काढलं आणि स्वतःच्या लॅपटॉपला लावून उघडलं. काय होतं ते लिहीत नाही. मग मैत्रिणीने कॉपी केलं, मग परत लावलं, घड्याळ बॅगेत टाकलं आणि मग आम्ही चौकीत गेलो. तिथले हवालदार चांगले होते, पण नंतर वकिलांनी सांगितलं की तुम्ही कार्ड लॅपटॉपला लावलंत त्यामुळे फायलींच्या तारखांवर समोरचा शंका घेणार, आणि घड्याळ खोलीत कुठे, कोणत्या दिशेला होतं याचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. केस अजून चालू आहे, तारखा पडतायत.

रिमझिम, लाइट बंद करून आंघोळ करणं मला माहितीये. मी पुढची दोन वर्षं कुठल्याही खोलीत गेले की आधी घड्याळाची वेळ माझ्या फोनशी ताडून बघायचे. अजूनही बघते.

वकीलीण_बाई (गुरुवार, रात्री १०:०५)

निशिगंधा, तू लिहिलंस हे फार बरं केलंस.

कायद्याचं थोडक्यात सांगते. खाजगी क्षणी स्त्रीला बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, जुन्या आयपीसीत हेच ३५४ क होतं, २०१३ च्या दुरुस्तीत आलं. पहिल्यांदा दोषी ठरला तर किमान १ वर्ष, कमाल ३ वर्षं, परत केलं तर ३ ते ७. क्लिप कोणाला पाठवलीच पाहिजे असं नाही, नुसतं चित्रण केलं तरी गुन्हा. पुरुष पीडित असेल तर आयटी कायद्याचं ६६ ई आहे, ते कोणालाही लागू होतं, ३ वर्षांपर्यंत शिक्षा किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

सापडलं तर काय करायचं: हात लावायचा नाही, काढायचं नाही, कार्ड उघडून बघायचं नाही. खोलीच्या दारातून एक फोटो, मग जवळून एक, मग त्या वस्तूच्या जागेवरून तिला काय दिसतं त्या दिशेचा एक. खोलीबाहेर येऊन ११२ ला फोन. पोलिसांना सांगायचं की पंचनामा इथेच करा, नव्या बीएनएसएसमध्ये (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचंच आहे. दुसऱ्या हद्दीत आहे म्हणून कोणी परत पाठवायला लागलं तर झिरो एफआयआर मागायचा, तो हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर महिलांच्या तक्रारींचा वेगळा भाग आहे, १९३० हा नंबर मात्र मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. आणि मालकाला आधी फोन करून जाब विचारायचा नाही, तो जाब विचारेपर्यंत वस्तू गायब होते.

म्युनिकचा_मावळा (शुक्रवार, पहाटे २:४०)

आमच्याकडे जर्मनीत गंमत वेगळी आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत इथल्या बुंडेसनेट्झआगेंटुर या सरकारी संस्थेने "कायला" नावाच्या बोलक्या बाहुलीवर बंदी आणली. बाहुलीत ब्लूटूथ आणि माइक होता, जवळचा कोणीही पासवर्डशिवाय जोडून मुलाशी बोलू शकत होता. रोजच्या वापराच्या वस्तूत लपवलेलं ऐकण्याचं यंत्र इथे विकणं सोडा, बाळगायलाच बंदी आहे, म्हणून आईबापांना बाहुली नष्ट करा असं सांगितलं. त्याच वर्षी मुलांच्या गुपचूप ऐकता येणाऱ्या स्मार्टवॉचवर पण बंदी. आणि आपल्याकडे पुण्यात मी सुट्टीवर आलो होतो तेव्हा कॅमेरावालं पेन दुकानात काउंटरवर लटकत होतं, शेजारी सेल्फी स्टिक.

फिरायला जाणाऱ्यांसाठी, एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतले कॅमेरे जगभर पूर्ण बंद केलेत, यजमानाने आधी सांगितलं असलं तरी चालत नाही.

शून्य_एक (शुक्रवार, सकाळी ९:२०)

हॉटेलचं निघालंय तर, २०१९ च्या मार्चमध्ये दक्षिण कोरियाच्या पोलिसांनी जे उघड केलं ते आठवतंय का, १० शहरांतली ३० मोटेल, ४२ खोल्या, साधारण १६०० लोकांचं थेट प्रक्षेपण. कॅमेरे होते टीव्हीच्या सेट टॉप बॉक्समध्ये, भिंतीच्या सॉकेटमध्ये आणि हेअर ड्रायरच्या स्टँडमध्ये. नानांचा पहिला प्रश्न, बघा.

ठेचा_भाकर (शुक्रवार, सकाळी ११:४८)

मंडळी उलटा प्रश्न विचारतो, मारू नका. आमच्या आजीसाठी ब्युरोतून चोवीस तासांची बाई ठेवलीय, आम्ही दोघं कामाला. आजीच्या दंडावर एकदा वळ दिसला. बाईला न सांगता आजीच्या खोलीत कॅमेरा लावू का? घर आमचंच आहे.

निशिगंधा (शुक्रवार, दुपारी १२:१०)

ती बाई त्याच खोलीत झोपते ना? कपडे कुठे बदलते?

ठेचा_भाकर (शुक्रवार, दुपारी १२:१६)

...त्याच खोलीत. हा विचारच केला नव्हता.

वकीलीण_बाई (शुक्रवार, दुपारी १:०२)

घर तुमचं असलं तरी कलम ७७ तेच. तिला कपडे बदलायला वेगळी जागा द्या, कॅमेरा दिसेल असा लावा, आजीच्या पलंगापुरताच, आणि ब्युरोच्या करारात लिहा. सांगून लावलेला कॅमेरा वळ थांबवतो. चोरून लावलेला फक्त वळ कसा पडला ते दाखवतो. आणि आजीला पण विचारा हो, पलंगावर स्पंजिंग तिचं होतं.

खजिनदार (शुक्रवार, संध्या. ६:३०)

धागा उशिरा वाचला. आमच्या सोसायटीचा मी चार वर्षं खजिनदार आहे म्हणून एक साधा प्रश्न विचारतो, रिमझिमताई, तुमच्या गेटवर पाहुण्यांची एंट्री वहीत होते की ॲपवर? ॲपवर असेल तर तुमच्या फ्लॅटच्या नावावर कोणाकोणाचे नंबर आहेत ते बघा. आमच्याकडे भाडेकरू आला तरी मालकाचा नंबर तसाच राहतो, आणि वॉचमनने एंट्री केली की नोटिफिकेशन दोघांना जातं, नाव, फोटो, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. "चार मुलं, साडेअकराला गेली" हे वाक्य मला कॅमेऱ्याचं वाटत नाही, गेटच्या रजिस्टरचं वाटतं.

गप्पिष्ट (शुक्रवार, संध्या. ६:३४)

ओह्ह्ह्ह.

शून्य_एक (शुक्रवार, संध्या. ६:५०)

काका, मानलं तुम्हाला. आम्ही तीन दिवस नॅनोमीटर मोजत बसलो.

रिमझिम, त्याच जोडीने दोघींचे फोन पण बघून घ्या, व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस, गुगल अकाउंटमध्ये कुठे कुठे लॉगिन आहे ते, आणि सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिनखाली अनोळखी ॲप आहे का. अँड्रॉइड १२ पासून माइक किंवा कॅमेरा चालू असला की वरच्या कोपऱ्यात हिरवं चिन्ह येतं. माझ्याकडे जेवढे लोक "घरात माइक आहे" म्हणून आले त्यातल्या बहुतेकांचा माइक त्यांच्या खिशातच होता, कोणीतरी जवळच्याने फोन सेट करून दिलेला.

रिमझिम_ (रविवार, दुपारी ४:२२)

अपडेट देते, चहा घेऊन बसा, लांब आहे.

खजिनदार काका, तुमचा अंदाज अगदी बरोबर. ऑफिसमध्ये जाऊन विचारलं, मॅनेजरने स्क्रीन फिरवून दाखवली, आमच्या फ्लॅटवर चार नंबर, आम्ही दोघी, मालक आणि मालकांचा मुलगा. दोघांनाही प्रत्येक एंट्री जात होती. स्विगीवाला कितीला आला ते पण. इतके महिने.

मग एमसीबी. बेडरूमच्या एसीचा खटका पाडला आणि सहा मिनिटांनी एस्प्रेसिफ यादीतून गेलं. एसीत वायफाय आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं, आम्ही रिमोटने चालवतो. मालकांच्या फोनवर ॲप आहे, त्यात कधी चालू, कधी बंद, किती डिग्री, सगळं. बिननावाचं डिव्हाइस रूममेटचाच फोन निघाला.

राहिली ती तिसरी गोष्ट, चपलांची. ती काही सुटेना. शेवटी काल संध्याकाळी आम्ही परत तसंच केलं, मी दारात चपला घालत उभी राहिले आणि रूममेट आत सोफ्यावर बसून म्हणाली, आता वर बघ. दाराच्या वर पॅसेजमध्ये मालकांचा कॅमेरा आहे. लपवलेला वगैरे नाही हो, चांगला पांढरा बटाट्याएवढा, आम्ही राहायला आलो त्या दिवसापासून आहे, रोज त्याच्याखालून जातो. वाटायचं सोसायटीचा आहे. कॅमेऱ्यावर लिहिलेलं मॉडेल शोधलं तर त्यात माइक आहे, आणि तो आमच्या दारापासून चार फुटांवर.

मालकांना फोन केला, वकीलीण बाई रागावू नका, आत काही सापडलं नव्हतं म्हणून केला. ते आधी म्हणाले सेफ्टीसाठी आहे, तुम्ही मुली एकट्या राहता. मग म्हणाले आवाज येतो हे मला माहीत नाही, मुलगा बघतो ते सगळं. मुलगा पंचवीस वर्षांचा आहे. मला ते ऐकून बाथरूममध्ये कॅमेरा सापडला असता तर जेवढी शिसारी आली असती तेवढीच आली, खोटं कशाला बोलू.

सोसायटीला लेखी अर्ज दिलाय, पॅसेज कॉमन एरिया आहे म्हणून. कमिटीने दोघांचे नंबर नोटिफिकेशनमधून काढलेत आणि कॅमेऱ्यासाठी आठ दिवस दिलेत, तोवर मी त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलीय. लॉकचा सिलिंडर बदलायला माणूस उद्या येतोय, नवीन वायफाय बुधवारी. आज सकाळी लाइट लावून आंघोळ केली. तरी गीझरच्या प्लगकडे बघत बघतच केली.

नाना, एसीचं वायफाय कायमचं कसं बंद करायचं?

नाना_वायरमन (रविवार, संध्या. ५:०५)

राउटर बदलला की त्याला पासवर्डच नाही, मग तो मुका. आत हात घालायची गरज नाही, आणि मालकाची वस्तू आहे, उघडलीस तर कॉम्प्रेसर तुझ्याच अंगावर घालेल. गीझरच्या प्लगचा फोटो टाक, बघतो.

खजिनदार (रविवार, संध्या. ५:४०)

कमिटी आठ दिवस म्हणाली म्हणजे महिना धरा. अर्जाची पोच घेतलीत का? सही-शिक्क्याची?

रिमझिम_ (रविवार, संध्या. ५:५२)

पोच नाही घेतली :( उद्या जाते. नाना, फोटो टाकलाय.

नाना_वायरमन (रविवार, संध्या. ६:१५)

साधा सोळा अँपिअरचा प्लग टॉप आहे, जळायला आलाय, पिन काळी पडलीय बघ. कॅमेरा नाही पण बदलून घे आधी.

ढब्बू_मिरची (रविवार, संध्या. ६:३१)

तो डिटेक्टर विकणार असशील तर सांग गं, अर्ध्या किमतीत घेते.